आभासी शस्त्रावरील स्वाक्षरी : ‘काउंटर-स्ट्राइक’मधील खेळाडू-स्वाक्षरी स्टिकरांच्या संग्रहाची चिकित्सा

बीजसंज्ञा : स्वाक्षरी, संग्राहकवृत्ती, ई-स्पोर्ट्स, आभासी वस्तू, मूल्य, श्रेय

प्रास्ताविक

‘स्वाक्षरी’ हा शब्द ‘स्व’ आणि ‘अक्षर’ या दोन पदांनी बनला आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेले स्वतःचे अक्षर, हा त्याचा सरळ अर्थ होय. ‘अक्षर’ या पदात जे क्षर नाही, जे झिजत नाही, असाही एक जुना अर्थ आहे. साहित्यसंमेलनाच्या मंडपात किंवा क्रिकेटच्या मैदानाबाहेर वही पुढे करून उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला या व्युत्पत्तीची जाणीव नसते. परंतु त्याची कृती या दोन्ही अर्थांवरच उभी असते. समोरच्या थोर व्यक्तीने काही क्षण थांबून आपल्या वहीत नाव लिहावे आणि ते नाव पुढे कायम राहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. स्वाक्षरीचे मूल्य त्या भेटीत असते. बाजारभाव असलाच तर तो नंतर येतो.

गेल्या दशकात संगणकीय खेळांच्या क्षेत्रात स्वाक्षरीचा एक वेगळाच प्रकार रूढ झाला. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळातील व्यावसायिक खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या आभासी स्टिकरांच्या रूपात विकल्या जातात आणि खेळणारे लोक त्या विकत घेऊन आपल्या आभासी बंदुकीवर चिकटवतात. हा पोरखेळ म्हणून सोडून देण्याचा मोह अध्यापकवर्गास होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या व्यवहारात खेळाडूचे श्रेय, चाहत्याची भक्ती, कंपनीचा नफा आणि नशिबाचा खेळ हे सारे एकाच बोटभर चित्रात एकवटतात, तो व्यवहार सांस्कृतिक समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. या स्टिकरात ‘स्व’ किती उरला आहे आणि ‘अक्षर’ किती, हा येथील विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

वस्तूचे स्वरूप

‘काउंटर-स्ट्राइक’चा जन्म १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळाचे हौशी रूपांतर म्हणून झाला. पुढे अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने तो आपलासा केला. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ती आली आणि २७ सप्टेंबर २०२३ रोजी तिची जागा ‘काउंटर-स्ट्राइक २’ने घेतली. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ, एक बॉम्ब आणि थोडक्या वेळात संपणाऱ्या फेऱ्या, असे त्याचे साधे रूप आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये बंदुकांना रंगरूप देणाऱ्या ‘स्किन’ आल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टिकर आले आणि मार्च २०१४ मध्ये पोलंडमधील कॅटोवित्से येथील स्पर्धेच्या निमित्ताने संघांच्या बोधचिन्हांचे स्टिकर विक्रीस निघाले. खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांसाठी मात्र ऑगस्ट २०१५ मधील जर्मनीच्या कोलोन येथील स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली. त्या स्पर्धेत सोळा संघ होते. म्हणजे ऐंशी खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या एकाच वेळी बाजारात आल्या. साधी, चकाकती आणि सोनेरी, असे त्यांचे तीन दर्जे होते.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. चाहत्याला हव्या त्या खेळाडूची स्वाक्षरी थेट कंपनीकडून मागून घेता येत नव्हती. त्याने सुमारे एक डॉलरची बंद ‘कॅप्सूल’ घ्यायची आणि आत जे नाव निघेल ते स्वीकारायचे, अशी ही रीत होती. स्वीडनच्या ओलोफमाइस्टरची स्वाक्षरी मनात धरून कॅप्सूल उघडावी आणि हाती त्याच्या संघातील दुसऱ्याच गड्याचे नाव यावे, हा अनुभव नेहमीचा होता. मग नको असलेला स्टिकर स्टीम या व्हॉल्व्हच्याच बाजारपेठेत विकायचा आणि हवा असलेला तेथेच विकत घ्यायचा. या प्रत्येक व्यवहारावर एकूण पंधरा टक्के आकार लागतो आणि विक्रीचे पैसे स्टीमच्या खात्यातच राहतात. ते बँकेत आणता येत नाहीत.

स्टिकर मिळाल्यावर तो बंदुकीच्या ठरावीक जागी चिकटवला जाई. प्रारंभी अशा चार जागा होत्या. फेब्रुवारी २०२४ पासून पाच स्टिकर मनाजोग्या ठिकाणी आणि मनाजोग्या कोनात लावता येऊ लागले. एकदा लावलेला स्टिकर मात्र परत काढून संग्रहात ठेवता येत नाही. तो फक्त खरवडता येतो. प्रत्येक खरवडण्याबरोबर तो थोडा झिजतो आणि शेवटी नाहीसा होतो. संगणकात कोणतीही प्रतिमा कितीही वेळा उमटवता येते आणि तिला झीज नसते. असे असता येथे झीज मुद्दाम रचून घातलेली आहे. ‘अक्षर’ म्हणावे अशा माध्यमात ‘क्षर’ वस्तू निर्माण करण्याचा हा खटाटोप आहे.

स्वाक्षरी की शिक्का ?

जाक देरिदा यांनी १९७१ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात स्वाक्षरीच्या अंगभूत विरोधाकडे लक्ष वेधले होते. स्वाक्षरी त्या क्षणीची, त्या व्यक्तीची आणि म्हणून अनन्य असावी लागते. पण ती ओळखू यावी म्हणून पुनःपुन्हा तशीच करता येण्याजोगीही असावी लागते. हाताने केलेल्या स्वाक्षरीत हे दोन्ही ताण एकत्र नांदतात. धनादेशावरील सही दर वेळी किंचित वेगळी असते आणि तरी बँक ती ओळखते. स्टिकरमध्ये यातील एकच बाजू उरते. खेळाडू एकदा आपली सही रेखाटून देतो. पुढे तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात आणि त्या सर्व एकमेकींशी तंतोतंत जुळतात. वाल्टर बेंजामिन यांच्या १९३६ मधील निबंधातील ‘तेजोवलया’ची कल्पना येथे लावायची, तर मूळ आणि प्रत हा भेदच येथे उद्भवत नाही. खेळाडूने रेखाटून दिलेली पहिली सही संग्राहकाच्या दृष्टीस कधी पडत नाही आणि तिची त्याला असोशीही नसते.

यावर असे म्हणता येईल की, ही स्वाक्षरी नसून शिक्का आहे. मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. शिवकालीन पत्रांवर आरंभी मुद्रा आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब येते. तेथे हाताच्या वळणापेक्षा अधिकाराची खूण महत्त्वाची असते. स्टिकरही असेच मोर्तब आहे. फरक इतकाच की, ज्याच्या नावाचा शिक्का उमटतो त्याच्याकडे तो उमटवण्याचा अधिकार नसतो. कोणत्या स्पर्धेचे स्टिकर निघावेत, ते किती दिवस विकावेत, कोणत्या दर्जाचे असावेत, हे सारे कंपनी ठरवते.

‘स्व’ या पदाचीही हीच अवस्था आहे. या स्वाक्षऱ्यांत बहुधा खेळाडूचे जन्मनाव नसते. ओलेक्सांद्र कोस्तिलिएव्ह हा युक्रेनचा खेळाडू ‘सिंपल’ म्हणून सही करतो, फ्रान्सचा मॅथ्यू एर्बो ‘झायवू’ म्हणून, तर ब्राझीलचा गाब्रिएल तोलेदो ‘फॉलन’ म्हणून. टोपणनावाने लिहिण्याची परंपरा मराठी साहित्याला चांगलीच परिचित आहे. केशवसुत, कुसुमाग्रज, ग्रेस ही नावे मूळ नावांहून अधिक सत्य ठरली. तेव्हा टोपणनावामुळे स्वाक्षरी खोटी ठरते, असे मानण्याचे कारण नाही. उलट खेळाडूचा ‘स्व’ त्या नावानेच घडलेला असतो, कारण ज्या पराक्रमामुळे त्याची सही हवीशी वाटते तो पराक्रम त्याच नावाने झालेला असतो. ‘स्व’ हरवतो तो नावात नव्हे, तर देण्याच्या कृतीत. वहीवर सही करणारा माणूस, कितीही घाईत असला तरी, समोरच्याला काहीतरी देत असतो. स्टिकरमध्ये देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर येतच नाहीत.

याच खेळात श्रेय नोंदवण्याची दुसरीही एक रीत आहे आणि तुलनेसाठी ती उपयोगी पडते. ब्राझीलच्या कोल्डझेराने २०१६ मध्ये कोलंबस येथील मेजर स्पर्धेत हवेत उडी घेत केलेली नेमबाजी गाजली. ती जिथे घडली तिथे ‘मिराज’ या नकाशात कंपनीने भिंतीवर एक चित्र रंगवले. त्याच वर्षी कोलोन येथे सिंपलने उंचावरून खाली पडत असताना दोन प्रतिस्पर्धी टिपले; त्याचेही स्मारक ‘कॅश’ या नकाशात झाले. ही भित्तिचित्रे कोणाला विकत घेता येत नाहीत. ती त्या जागेची आहेत आणि तेथून जाणारा प्रत्येक जण ती पाहतो. खेळाडूच्या कृतीशी भित्तिचित्राचे नाते स्टिकरपेक्षा कितीतरी घट्ट आहे, हे मान्य करावेच लागेल.

कलंक आणि किंमत

संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक मान ज्या स्टिकरांना आहे, ते खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांचे नसून कॅटोवित्से २०१४ मधील संघचिन्हांचे आहेत. त्यांतही ‘आयबायपॉवर’ आणि ‘टायटन’ या दोन संघांच्या चमकत्या स्टिकरांचे भाव हजारो डॉलरांत गेले. हे दोन्ही संघ त्या स्पर्धेत गटसाखळीतच गारद झाले होते. स्पर्धा जिंकणाऱ्या पोलंडच्या व्हर्टुस.प्रो संघाचे चिन्ह या दोहोंच्या मागे राहिले. याचे मुख्य कारण दुर्मीळपणा होय. त्या काळी खेळणारे कमी होते, विक्रीचे दिवस मोजके होते आणि ज्यांनी स्टिकर घेतले त्यांतील बहुतेकांनी ते बिनदिक्कत स्वस्त बंदुकांवर चिकटवून टाकले.

तथापि पुढील इतिहासाने या दुर्मीळपणाला एक कथा जोडून दिली. आयबायपॉवरच्या खेळाडूंनी ऑगस्ट २०१४ मध्ये एक सामना ठरवून हरला. जानेवारी २०१५ मध्ये हे उघड झाले आणि व्हॉल्व्हने त्यांतील चौघांना आपल्या स्पर्धांतून बाद केले. त्या लबाडीचा मोबदला रोख रकमेत नव्हे, तर याच खेळातील आभासी स्किनच्या रूपात दिला गेला होता. टायटनच्या एका खेळाडूवर नोव्हेंबर २०१४ मध्ये फसवणुकीच्या संगणक-आज्ञावलीमुळे बंदी आली आणि त्या महिन्यातील मोठ्या स्पर्धेतून संघच बाहेर गेला. ‘हाउल’ नावाच्या स्किनची गोष्टही याच जातीची. तिचे मूळ चित्र दुसऱ्याचे असल्याचे जून २०१४ मध्ये निष्पन्न झाले, कंपनीने तिची निर्मिती थांबवली आणि चोरीचा माल म्हणून शिक्का बसलेली ती स्किन खेळातील अत्यंत मौल्यवान वस्तूंपैकी एक झाली.

संग्रहाच्या इतिहासात हे अपूर्व नाही. अमेरिकी बेसबॉलमध्ये १९१९ च्या सामनानिश्चितीमुळे आजीवन बहिष्कृत झालेला ‘शूलेस’ जो जॅक्सन याची अस्सल सही अतिशय मोलाची मानली जाते. त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नसे. पुष्कळदा त्याच्या नावाची सही त्याची पत्नी करीत असे. म्हणून त्याने स्वतः काढलेली वाकडीतिकडी अक्षरे विरळ आहेत. दोन्ही उदाहरणांत कलंकामुळे पुरवठा थांबतो. पण जॅक्सनच्या सहीत एका माणसाचे कष्ट दिसतात. आयबायपॉवरच्या चिन्हात कोणाचाच हात दिसत नाही.

येथेच स्वाक्षरी-स्टिकराचे खरे महत्त्व ध्यानात येते. बंदी आलेल्या त्या चौघांच्या स्वाक्षऱ्यांचा एकही स्टिकर नाही, कारण स्वाक्षऱ्यांची प्रथा त्यांच्यावरील बंदीनंतर सात महिन्यांनी सुरू झाली. ज्या संघाचे चिन्ह अमूल्य ठरले त्याच्या खेळाडूंची नावे त्या दप्तरात नाहीत. त्याच संघात असलेला, परंतु बंदीच्या यादीत नाव नसलेला पाचवा खेळाडू स्कॅडूडल हा पुढे क्लाउड नाइन संघात गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये बोस्टन येथे त्या संघाने मेजर स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेचे स्मृतिचिन्ह म्हणून एका प्रेक्षकाला मिळालेली, स्कॅडूडलची सोनेरी सही असलेली ‘ड्रॅगन लोअर’ ही एडब्ल्यूपी रायफल २०१८ मध्ये सुमारे ६१ हजार डॉलरांना विकली गेली. एडब्ल्यूपी हेच त्याचे शस्त्र होते. संघचिन्ह कलंकासकट सर्वांना एकाच रंगात रंगवते. स्वाक्षरी एका-एका माणसाची निवड करते. दप्तर म्हणून तिची योग्यता या भेदात आहे. भावाचा आकडा त्यापुढे गौण आहे.

श्रेयाचा हिस्सा

स्वाक्षरी-स्टिकरांच्या विक्रीतील निम्मा वाटा खेळाडू आणि त्यांच्या संस्था यांना मिळेल, असे व्हॉल्व्हने २०१५ मध्येच जाहीर केले होते. या वाट्याचे प्रमाण लक्षात घेतल्याशिवाय कोणतीही टीका न्याय्य होणार नाही. २०२१ मधील स्टॉकहोम मेजरची एकूण पारितोषिक रक्कम २० लाख डॉलर होती. त्याच स्पर्धेच्या स्टिकरांतून खेळाडू व संस्था यांना सात कोटी डॉलरांहून अधिक मिळाल्याचे कंपनीने सांगितले. म्हणजे जिंकण्यापेक्षा सहभागी होऊन सही देणे अधिक लाभाचे ठरले. गटसाखळीत हरणाऱ्या, लहान देशातून आलेल्या खेळाडूच्या दृष्टीने हे उत्पन्न म्हणजे आणखी एक-दोन वर्षे हा पेशा टिकवण्याची सोय होय. मैदानाबाहेर फुकट सही देणाऱ्या आणि पुढे ती सही लिलावात विकली गेलेली पाहणाऱ्या जुन्या काळच्या क्रीडापटूच्या वाट्याला हे कधी आले नाही.

मात्र हा वाटा पहिल्या विक्रीपुरता आहे. वर्षानुवर्षे स्टिकर हात बदलत राहतो, त्याची किंमत शंभरपट होते. त्या वाढीत सही करणाऱ्याचा भाग नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५३-अ नुसार चित्रकार, शिल्पकार किंवा हस्तलिखिताचा लेखक यांना, मूळ कृतीची फेरविक्री दहा हजार रुपयांवर गेल्यास, त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. व्यवहारात हे कलम फारसे वापरले जात नाही, हे खरे. पण त्यामागील तत्त्व स्पष्ट आहे. आभासी बाजारात तर प्रत्येक फेरविक्रीची नोंद आपोआप होते आणि कंपनी आपला आकार आपोआप कापून घेते. जेथे हे तत्त्व अमलात आणणे सर्वांत सोपे तेथेच ते नाही. हा तांत्रिक अडचणीचा प्रश्न नसून इच्छेचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळाडूची कमाई ज्या कॅप्सूलवर उभी राहिली ती सोडतीच्या तत्त्वावर चालते आणि तिचे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर तरुण, काही प्रमाणात अल्पवयीन आहे. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने या खेळातील बंद पेट्या बेकायदा जुगारात मोडतात, असा निर्णय दिला. त्याआधी जुलै २०१६ मध्ये स्किन पणाला लावून जुगार चालवणाऱ्या २३ संकेतस्थळांना व्हॉल्व्हने स्वतःच नोटिसा पाठवल्या होत्या. बाहेरचा जुगार नको, पण घरची सोडत चालेल, अशी ही भूमिका आहे. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो. हा भेद कागदावर स्वच्छ दिसतो. परंतु ई-स्पोर्ट्सच्या खेळाडूचे पोटच जर सोडतीच्या कॅप्सूलवर भरत असेल, तर या दोन खोल्यांमधली भिंत किती पक्की आहे, याचा विचार आपल्या विधिशाखेच्या अध्यापकांनीही करावयास हवा.

चिकटवण्याची कृती

संग्राहक दोन प्रकारचे आढळतात. काही जण स्टिकर न वापरता जपून ठेवतात. त्यांच्या दृष्टीने खेळाडू म्हणजे एक प्रकारचा समभाग असतो. तो निवृत्त होईल, त्याने मेजर जिंकलेली असेल, तेव्हा भाव चढेल, हा त्यांचा हिशेब. दुसरे ते चिकटवून टाकतात. बेंजामिन यांनी १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहक वस्तूला उपयोगितेच्या जोखडातून सोडवतो, अशा आशयाची मांडणी केली होती. येथे नेमके उलट घडते. न वापरणारा वस्तूला बाजाराच्या जोखडात ठेवतो आणि वापरणारा तिला त्यातून बाहेर काढतो. कारण चिकटवलेल्या स्टिकराची किंमत बंदुकीच्या किमतीत फार थोड्या अंशाने उतरते. उरलेले पैसे बुडाले असेच समजायचे. शिवाय एकाने चिकटवला की जगातला एक सुटा स्टिकर कमी होतो आणि जपून ठेवणाऱ्याचा माल तेवढा महागतो. एकाच्या भक्तीवर दुसऱ्याचा नफा पोसला जातो, असा हा विलक्षण संबंध आहे.

चिकटवणाऱ्यांच्या कृतीत बऱ्याच वेळा रसिकतेचा प्रत्यय येतो. सिंपलची सही एडब्ल्यूपीवरच शोभते, असे ते मानतात. एकाच खेळाडूच्या वेगवेगळ्या वर्षांच्या सह्या ओळीने लावून ते त्याचा प्रवास मांडतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर व्हर्टुस.प्रो संघाला स्वतःचे नाव टाकून ‘आउटसायडर्स’ म्हणून खेळावे लागले आणि त्या नावानेच त्याने रिओ येथील मेजर जिंकली. त्या स्पर्धेचे स्टिकर बाळगणाऱ्याच्या बंदुकीवर एका युद्धाची बाजूची नोंद राहिली आहे. अशा निवडीत ज्ञान लागते आणि त्या ज्ञानाला बाजारात भाव नसतो. स्वाक्षरीतील हरवलेली देण्याची कृती येथे उलट दिशेने परत येते. खेळाडूने काही दिले नाही, पण चाहता काहीतरी देऊन टाकतो.

अर्थात ही मुक्ती कंपनीच्या नियमांतच घडते, हे विसरून चालत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने सुऱ्या आणि हातमोजे मिळवण्याचा एक नवा मार्ग खुला केला आणि थोड्याच दिवसांत या आभासी बाजारातील अब्जावधी डॉलरांचे मूल्य नाहीसे झाले. ज्यांनी जपून ठेवले होते ते हवालदिल झाले. ज्यांनी चिकटवले होते त्यांचे बुडायचे ते आधीच बुडालेले होते.

खेळाच्या रचनेतील एक तपशील या संदर्भात बोलका आहे. फेरीत एखादा गडी मारला गेला की त्याची बंदूक जमिनीवर पडते आणि प्रतिस्पर्धी ती उचलून वापरू शकतो. बंदूक हाती येताच त्या अनोळखी खेळाडूला तिच्यावरचे स्टिकर दिसतात : कोणाची तरी सही, २०१५ सालची, थोडी खरवडलेली. तोही मरेपर्यंत ती त्याच्या हातात राहू शकते.